ध्यानप्रार्थनेत चित्र आणि कॅमेरा नेमके काय करतात

प्रार्थना म्हटली की बहुतेकांना शब्दच आठवतात: स्तुती, याचना, क्षमेची मागणी, आभार. ध्यानप्रार्थना ही या शब्दांच्या पुढची अवस्था आहे. तिच्यात मागणे थांबते, बोलणे थांबते, विचारांची साखळीही हळूहळू सैल पडते आणि माणूस ईश्वराच्या सान्निध्यात केवळ जागा राहतो. बाराव्या शतकातील, कार्थुसियन या ख्रिस्ती संघाचे मठवासी दुसरे गिगो यांनी या वाटचालीच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. पवित्र शास्त्रातला एखादा छोटा उतारा सावकाश वाचायचा, त्यावर मन रेंगाळू द्यायचे, त्यातून जे उमटेल ते ईश्वराजवळ बोलायचे आणि मग गप्प व्हायचे. पहिल्या तीन पायऱ्यांवर माणूस काही ना काही करत असतो. चौथीवर त्याने करण्यासारखे फारसे काही उरत नाही, आणि म्हणूनच ती अवघड आहे. मोकळे सोडलेले मन ईश्वराकडे जाण्याऐवजी उद्याच्या कामांकडे धाव घेते.

चित्र, शिल्प किंवा छायाचित्र यांची मदत होते ती या अडचणीत. गिगो यांच्या पायऱ्यांमध्ये वाचनाच्या जागी पाहणे ठेवले आणि उताऱ्याऐवजी एखादे चित्र समोर घेतले, तर बाकीची वाट तीच राहते. अनेक ख्रिस्ती साधनागटांत आज ही पद्धत शिकवली जाते. ती ऐकायला सोपी वाटते, पण तिच्याबद्दल दोन गैरसमज हमखास आढळतात. एक असा की चित्र सुंदर असले की प्रार्थना आपोआप खोल होते, आणि दुसरा असा की चित्रातून काहीतरी गूढ संदेश मिळवायचा असतो. माझ्या मते चित्राचे काम याहून पुष्कळ साधे आहे: विखुरलेल्या लक्षाला ते काही काळ टेकायला जागा देते, आणि लक्ष स्थिरावले की त्याने बाजूला व्हायचे असते. पुढचे सारे विवेचन या एका मुद्द्याभोवती आहे.

लक्ष विखुरते कसे हे समजण्यासाठी डोळ्याच्या कामाकडे थोडे पाहिले पाहिजे. समोरचे सगळे दृश्य आपल्याला एकाच वेळी स्पष्ट दिसते असे आपल्याला वाटते, पण ते खरे नाही. अगदी बारीक तपशील टिपणारा दृष्टिपटलाचा मध्यभाग फार लहान असतो. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला तर त्याचे नख जेवढी जागा व्यापेल, साधारण तेवढाच भाग एका वेळी धारदार दिसतो. म्हणून डोळा सतत उड्या मारत राहतो, सेकंदाला सुमारे तीन, आणि त्या तुकड्यांतून मेंदू अखंड दृश्य रचतो. या उड्या कोठे पडतील हे बऱ्याच अंशी आपल्या मनातल्या प्रश्नावर ठरते. रशियन संशोधक आल्फ्रेड यार्बुस यांनी हे फार सुरेख दाखवले. इल्या रेपिन यांच्या एका चित्रात अनपेक्षितपणे घरी परतलेला माणूस आणि त्याच्याकडे पाहून चकित झालेले कुटुंबीय आहेत. यार्बुस यांनी ते चित्र एकाच प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा दाखवले आणि दर वेळी निराळा प्रश्न विचारला: या लोकांची वये काय असतील, घरची सांपत्तिक स्थिती कशी असेल, पाहुणा किती काळ दूर होता. प्रत्येक प्रश्नासरशी नजरेचा मार्ग बदलला. वयाचा प्रश्न असला की नजर चेहऱ्यांवर खिळली, सांपत्तिक स्थितीचा असला की कपड्यांवर आणि सामानावर फिरली.

याचा प्रार्थनेशी थेट संबंध आहे. आपण चित्रासमोर उभे राहतो तेव्हा मनात कोणता ना कोणता प्रश्न असतोच: हे कोणी काढले, किती जुने आहे, मला आवडले का. या प्रश्नांची उत्तरे मिळाली, किंवा मिळाली असे वाटले, की पाहणे संपते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयातील प्रेक्षकांचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नामांकित चित्रांसमोर लोक सरासरी सुमारे २७ सेकंद थांबत असल्याचे आढळले, आणि निम्मे प्रेक्षक तर सतरा सेकंदांच्या आतच पुढे सरकत होते. इतक्या वेळात चित्र ओळखता येते. त्याच्या सहवासात राहता येत नाही. प्रार्थनेसाठी पाहणारा माणूस तेच चित्र वीस मिनिटे पाहतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत ओळखण्याची आणि मत बनवण्याची हौस भागते, मग कंटाळा येतो, आणि खरे पाहणे बहुधा त्या कंटाळ्यानंतर सुरू होते. आधी न दिसलेला एखादा हात, कडेचा काळोख, दोन आकृत्यांमधली रिकामी जागा अशा गोष्टी पुढे येऊ लागतात, कारण आता कोणत्याही प्रश्नाने नजरेला कामाला जुंपलेले नसते. फ्रेंच विचारवंत सिमोन वेय यांनी निर्भेळ एकाग्र लक्ष म्हणजेच प्रार्थना असे मानले होते. ते शब्दशः स्वीकारले नाही तरी एवढे मान्य करता येईल की असे लक्ष दिल्याशिवाय ध्यानप्रार्थना उभीच राहत नाही.

मात्र प्रतिमेच्या या उपयोगाला ख्रिस्ती परंपरेतच मोठा आणि गंभीर विरोध झालेला आहे, आणि तो समजून घेतल्याशिवाय विषय पुरा होत नाही. इजिप्तच्या वाळवंटात साधना करणारे, इसवी सन ३९९ मध्ये निधन पावलेले एव्हाग्रियस यांनी स्पष्ट बजावले होते की प्रार्थना करताना ईश्वराचे कोणतेही रूप मनात रेखू नये. ज्याला आकार नाही त्याच्याकडे आकारविरहित होऊनच जावे. सन ६०० च्या सुमारास मार्सेयचे बिशप सेरेनस यांनी आपल्या चर्चमधील प्रतिमा फोडून टाकल्या, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्यांना पत्र लिहून समज दिली: प्रतिमांची पूजा रोखलीत हे योग्यच झाले, पण त्या फोडायला नको होत्या, कारण ज्यांना वाचता येत नाही ते भिंतीवरची चित्रे पाहून शिकतात. पुढे आठव्या आणि नवव्या शतकांत बायझंटाइन साम्राज्यात प्रतिमाभंजकांचा आणि प्रतिमांच्या समर्थकांचा संघर्ष पेटला. सन ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मपरिषदेने निर्णय दिला की पूजा फक्त ईश्वराची. प्रतिमेला द्यायचा तो आदर, आणि तो आदर प्रतिमेत अडकून न राहता ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यापर्यंत पोहोचतो. सन ८४३ मध्ये हा वाद प्रतिमांच्या बाजूने कायमचा निकालात निघाला. सगुण आणि निर्गुण यांची चर्चा ज्यांच्या कानावरून गेलेली आहे, त्यांना या वादातला पेच परका वाटणार नाही.

मला या संदर्भात सोळाव्या शतकातील स्पेनमधले, कार्मेलाइट या ख्रिस्ती संघाचे दोन संत फार बोलके वाटतात. आविलाच्या संत तेरेसा यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की डोळ्यांपुढे नसलेली गोष्ट कल्पनेने उभी करणे त्यांना जमतच नसे, आणि म्हणून त्यांना चित्रे व मूर्ती इतक्या प्रिय होत्या. १५५४ च्या सुमारास, मठात बरीच वर्षे काढल्यानंतर, जखमांनी भरलेल्या ख्रिस्ताची एक मूर्ती पाहून त्या पुरत्या हेलावल्या आणि त्यांच्या प्रार्थनेला निर्णायक वळण मिळाले. त्यांचेच सहकारी, क्रुसाचे संत योहान, यांनी मात्र प्रतिमांविषयी कमालीची सावधगिरी शिकवली. प्रतिमा भक्ती जागवते हे त्यांनी नाकारले नाही. पण एखाद्या विशिष्ट मूर्तीवर, तिच्या कारागिरीवर, तिच्या सजावटीवर जीव जडला की तीच मोठा अडसर होते, असे ते सांगतात. गंमत अशी की याच योहान यांनी स्वतः एक चित्र काढले. तळहातापेक्षाही लहान कागदावर शाईने रेखलेला तो क्रुसावरचा ख्रिस्त वरून, काहीसा बाजूने पाहिलेला आहे. त्या काळी या विषयाकडे अशा कोनातून क्वचितच कोणी पाहिले असेल. तो कागद आविलाच्या मठात जपून ठेवलेला आहे. साल्व्हादोर दाली यांना १९५१ च्या आपल्या प्रसिद्ध क्रूसचित्राची कल्पना त्यावरूनच सुचली. प्रतिमांविषयी इशारा देणाऱ्याने प्रतिमा रेखावी यात मला विसंगती दिसत नाही. त्या छोट्या रेखाटनात मिरवण्यासारखे काही नाही. जे दिसले त्याची ती नोंद आहे, आणि नोंद झाल्यावर ती बाजूला ठेवता येते.

प्रार्थनेसाठीच काढलेले चित्र कसे असते, याचे मला माहीत असलेले सर्वांत स्पष्ट उदाहरण फ्लोरेन्समधील सान मार्को मठात आहे. तेथील डॉमिनिकन, म्हणजे संत डॉमिनिक यांच्या संघातील, मठवासींच्या लहान लहान खोल्यांच्या भिंतींवर, १४४० च्या आगेमागे, फ्रा आंजेलिको आणि त्यांच्या सहायकांनी भित्तिचित्रे काढली. फ्रा आंजेलिको स्वतः त्याच संघाचे मठवासी होते. खोलीत राहणाऱ्याला तेच एक चित्र रोज, वर्षानुवर्षे पाहायचे होते, आणि चित्राची सारी रचना हे ध्यानात घेऊन केलेली आहे. रंग थोडे आहेत, पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी आहे, गर्दी नाही. सातव्या खोलीत ख्रिस्ताच्या विटंबनेचा प्रसंग आहे. डोळ्यांवर पातळ पट्टी बांधलेला ख्रिस्त शुभ्र वस्त्रात मधोमध बसला आहे. त्याच्याभोवती मारणारे हात आहेत, थुंकणारे एक मुख आहे, पण ज्यांचे ते हात आहेत ती माणसे चित्रात नाहीत. हात नुसतेच हवेत तरंगत आहेत. खाली पुढच्या बाजूला ख्रिस्ताची आई मरिया आणि संत डॉमिनिक बसले आहेत, आणि दोघांपैकी एकही ख्रिस्ताकडे पाहत नाही. मरिया गालाला हात लावून स्वतःत हरवली आहे. डॉमिनिक यांच्या मांडीवर पुस्तक उघडे असून ते वाचनात मग्न आहेत.

ही रचना नीट पाहिली की चित्रकाराचा हेतू उलगडतो. वरचा प्रसंग प्रत्यक्ष घडताना दाखवलेला नाही. खाली बसलेल्या दोघांच्या मननात तो उमटला आहे. मारणाऱ्यांची शरीरे वगळली, कारण मननात त्यांची गरज नाही. ती रेखाटली असती तर पाहणाऱ्याने त्यांचे चेहरे न्याहाळले असते, त्यांचा राग केला असता, आणि लक्ष तिकडे गेले असते. शिवाय वाचत बसलेले डॉमिनिक पाहून खोलीतल्या मठवासीला आपणही काय करायचे ते शब्दांशिवाय कळत होते. पुस्तकातून प्रसंगाकडे, प्रसंगातून मौनाकडे ही गिगो यांचीच वाट येथे भिंतीवर रेखली आहे. चित्र किती सुंदर आहे यापेक्षा त्यातून किती गोष्टी गाळल्या आहेत हे प्रार्थनेसाठी अधिक महत्त्वाचे ठरते, असे मला हे भित्तिचित्र पाहून वाटते.

पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेतील आयकॉन, म्हणजे प्रार्थनेसाठी रंगवलेले पवित्र चित्र, हेच काम दुसऱ्या मार्गाने करते. आंद्रेई रूब्ल्योव यांच्या पंधराव्या शतकातील पवित्र त्रैक्याच्या आयकॉनमध्ये तीन देवदूत एका मेजाभोवती बसले आहेत आणि मेजाची पाहणाऱ्याकडची बाजू मोकळी आहे. आयकॉनमधील रेषा पुष्कळदा दूर जाताना एकमेकींजवळ येण्याऐवजी रुंदावत जातात, त्यामुळे दृश्य आत खोल जाण्याऐवजी पाहणाऱ्याच्या दिशेने उघडते. आपण पाहतो आहोत त्याहून आपल्याकडे पाहिले जात आहे, असा अनुभव त्यातून येतो. तिबेटी बौद्ध साधना तर आणखी पुढे जाते: साधक देवतेचे रूप मनात तपशीलवार उभे करतो आणि शेवटी ते शून्यतेत विरून जाऊ देतो. तेथे प्रतिमा सोडणे हाच साधनेचा ठरलेला भाग आहे.

प्रत्यक्षात सुरुवात कशी करावी? चित्र एकच घ्यावे आणि निदान आठवडाभर तेच ठेवावे. ते फार परिचित नसावे, आणि पहिल्या नजरेत भुरळ घालणारे तर नसावेच. कथानकाची दाटी असलेल्या चित्रापेक्षा एक-दोन आकृत्यांचे चित्र बरे. बसण्यापूर्वी चित्राविषयीची माहिती वाचून संपवावी, म्हणजे मध्येच शोधाशोध करण्याचा मोह होत नाही. पडद्यापेक्षा कागदावरची प्रत अधिक चांगली, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे: कागदावर सूचना उमटत नाहीत. आधी संपूर्ण चित्रावरून नजर सावकाश फिरू द्यावी, मग ती जेथे अडखळेल तेथे थांबावे, आणि ती तेथेच का थांबली याची कारणमीमांसा करत बसू नये. काही वेळाने मनात एखादी आठवण, भीती, कृतज्ञता किंवा निव्वळ अस्वस्थता उमटेल; ती तशीच ईश्वरापुढे ठेवावी. त्यानंतर डोळे मिटावेत. डोळे मिटल्यावर चित्र मनात धरून ठेवण्याची धडपड करण्याचे कारण नाही, कारण त्याचे काम तोवर झालेले असते.

कॅमेऱ्याची गोष्ट याहून थोडी नाजूक आहे. चित्रासमोर आपण नुसते बसतो, पण कॅमेरा हातात आला की काहीतरी मिळवायचे असते, आणि मिळवण्याची घाई ही ध्यानाची मोठी शत्रू आहे. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेन्केल यांनी कलासंग्रहालयात केलेले प्रयोग येथे उपयोगी पडतात. सहभागी व्यक्तींना काही वस्तूंची छायाचित्रे घ्यायला सांगितले आणि काही वस्तू नुसत्या पाहायला सांगितल्या. छायाचित्र घेतलेल्या वस्तू त्यांना नंतर कमी आठवल्या. जणू लक्षात ठेवण्याची जबाबदारी कॅमेऱ्यावर टाकून मन मोकळे झाले होते. परंतु ज्या वेळी त्यांना वस्तूचा एखादा विशिष्ट भाग जवळून टिपायला सांगितला, त्या वेळी ही घसरण झाली नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेला भागही त्यांना चांगला आठवला. म्हणजे दोष कॅमेऱ्याचा नसून न थांबता बटण दाबण्याचा आहे. चौकट विचारपूर्वक आखावी लागली की डोळ्याला थांबावे लागते.

अमेरिकेतील, ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती संघाचे मठवासी थॉमस मर्टन यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कॅमेरा हाती घेतला. छायाचित्रकार आणि लेखक जॉन हॉवर्ड ग्रिफिन यांनी त्यांना एक कॅमेरा वापरायला दिला होता. मर्टन यांची छायाचित्रे पाहिली तर त्यांत धार्मिक विषय अगदी थोडे आढळतात. झाडांची मुळे, जुनी चाके, भिंतीवर पडलेली सावली, रिकामी खुर्ची असेच बहुतेक विषय आहेत. या वस्तूंना त्यांनी प्रतीके बनवले नाही. खुर्ची खुर्चीच राहिली आहे. ध्यानासाठी छायाचित्रण करणाऱ्याला यातून फार मोलाची गोष्ट शिकता येते, कारण नवशिका बहुधा उलट वागतो: तो प्रकाशाचा झोत, एकाकी झाड, उघडे दार असे अर्थ लादायला सोयीचे विषय शोधत फिरतो आणि प्रत्यक्ष समोरची वस्तू पाहायची राहून जाते.

मायनर व्हाइट या छायाचित्रकाराने, ज्यांच्यावर झेन विचारांचा प्रभाव होता, शिकवण्याची निराळी रीत वापरली. विद्यार्थ्यांनी आधी शरीर सैल सोडावे, डोळे मिटून शांत व्हावे, मग डोळे उघडून एकच छायाचित्र दीर्घकाळ पाहावे, असे सराव ते करून घेत. त्यांच्याआधी आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांनी १९२० च्या आणि १९३० च्या दशकांत ढगांच्या छायाचित्रांची एक मालिका केली होती. त्यांतल्या अनेकांत क्षितिज नाही, त्यामुळे वर कोणते आणि खाली कोणते हेही ठरवता येत नाही. ओळखण्याचे काम संपून गेल्यामुळे पाहणाऱ्याजवळ त्याची स्वतःची मनःस्थिती तेवढी उरते.

स्वतः कॅमेरा घेऊन हा सराव करायचा असेल तर काही बंधने मदत करतात. ठिकाण नेहमीचे असावे, चालणे संथ असावे, भिंगाचे केंद्रांतर एकच ठेवावे, म्हणजे दृश्य जवळ-दूर करत बसू नये, आणि घेतलेले चित्र लगेच पडद्यावर तपासू नये. नजर एखाद्या गोष्टीपाशी आपणहून थबकली की कॅमेरा न उचलता काही श्वास तिच्याकडे पाहावे. त्यानंतर छायाचित्र घ्यावेसे वाटले तर घ्यावे, न वाटले तर तो क्षण वाया गेला असे समजू नये. घेतलेली छायाचित्रे दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी पाहता येतात, पण ती कोणाला दाखवण्याची इच्छा निवडीत शिरली की सगळेच बदलते. मी तर म्हणेन की सरावासाठी घेतलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकूच नयेत. त्यात पाप आहे असे नव्हे. पुढच्या वेळी डोळा पसंतीच्या हिशेबाने पाहू लागतो, एवढेच. एक अडचण मात्र कोणत्याही बंधनाने टळत नाही. या सरावाने माणूस अधिक चांगला छायाचित्रकार होऊ शकतो, आणि आपण चांगले छायाचित्रकार झालो आहोत हे लक्षात आले की प्रार्थनेची जागा कौशल्याचे समाधान बळकावते. असे झाले तर काही आठवडे कॅमेरा घरी ठेवून नुसतेच चालणे बरे.

शेवटचा प्रश्न प्रतिमा सोडायची केव्हा, हा आहे, आणि त्याचे नेमके उत्तर पुन्हा क्रुसाच्या योहान यांच्याकडेच मिळते. कल्पना आणि मनन यांच्या आधाराने चाललेली प्रार्थना मागे ठेवण्याची वेळ आली हे ओळखण्यासाठी त्यांनी तीन खुणा सांगितल्या आहेत. पूर्वीसारखे मनन आता जमत नाही आणि त्यात गोडीही राहत नाही. त्याच्या बदल्यात मन दुसऱ्या कोणत्या गोष्टीकडेही ओढ घेत नाही. आणि ईश्वराकडे प्रेमाने लक्ष लावून, काही विशेष न करता, एकांतात राहणे आवडू लागते. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या पाहिजेत, असा त्यांचा आग्रह आहे. फक्त पहिलीच दिसत असेल तर तो निष्काळजीपणा असू शकतो किंवा साधा थकवा. दुसरीही जोडीला असली तरी ती खिन्नता असण्याची शक्यता उरते, आणि अशा वेळी आधार काढून घेणे घातक ठरते. तिसरी खूण दिसेपर्यंत चित्र भिंतीवर असू द्यावे. आणि ती दिसल्यानंतरही एखाद्या कोरड्या दिवशी पुन्हा त्याच्यापुढे बसावेसे वाटले, तर त्यात मागे पडण्यासारखे काही नाही.